निर्मूळ आमरींचे पुनर्वसन

कालिंपाँग, बंगळूर किंवा बँकॉक येथून दिल्लीस आलेली ऑर्किडची पेटी उघडली म्हणजे पुष्कळदा मन खट्टू होते. चित्रात पाहिलेल्या टवटवीत फुलांच्या जागी वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक सुरकुतलेले रोप हाती येते. पाने मऊ पडलेली, बुडाशी जुन्या मुळांचे चार-दोन वाळके दोरे, आणि माती तर औषधालाही नाही. अशा रोपाकडे पाहताच कोणालाही दया येते, आणि दयेची पहिली कृती म्हणजे पाणी. रोप कुंडीत खोचले जाते, सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी पडते, वर एखादा चमचा खतही घातले जाते; आणि तीन-चार आठवड्यांत ते बुडाशी कुजून कोलमडते. ते तहानेने मेले असे घरातील मंडळी समजतात. वस्तुतः पाणी पिण्याचे साधनच ज्याच्यापाशी उरले नव्हते, त्याला पाण्यात उभे केल्याने ते गेलेले असते. मुळे गमावलेल्या किंवा परमुलखातून नुकत्याच आलेल्या आमरीस पुन्हा मूळ धरावयास लावणे ही एक स्वतंत्र विद्या आहे. आणि दिल्लीसारख्या टोकाच्या हवेच्या शहरात तिचे मर्म जाणल्यावाचून आमरी जगविणे कठीण.

ऑर्किडला मराठीत आमर किंवा आमरी म्हणतात. महाराष्ट्राला ही वनस्पती परकी नाही. कोकणात व सह्याद्रीच्या घाटांत आंब्या-फणसांच्या खोडांवर रास्ना वाढते. पावसाळ्याच्या तोंडाशी सीतेची वेणी आपले जांभळट फुलांचे घोस खाली सोडते. खेड्यापाड्यांत मात्र या झाडांना सरसकट बांडगूळ म्हणून हिणविले जाते, आणि तो त्यांच्यावर अन्याय आहे. बांडगूळ आपली मुळे यजमान वृक्षाच्या अंगात घुसवून त्याचा रस शोषते. आमरी वृक्षाचा आधार तेवढा घेते, अन्न घेत नाही. तिला शास्त्रात अपिवनस्पती म्हणतात. हा घोटाळा जुना आहे. संस्कृतात वंदा किंवा वंदाक हे नाव झाडावर वाढणाऱ्या परक्या वनस्पतींना, बांडगुळांसुद्धा, दिले जाई. १७९५ साली सर विल्यम जोन्स यांनी तोच शब्द उचलला आणि तो आज एका सुंदर आमरीच्या प्रजातीचे, व्हँडाचे, जागतिक नाव होऊन बसला आहे. सर्वच आमरी झाडावर राहतात असे नाही. कित्येक जमिनीतही वाढतात. परंतु बागांतून व घरांतून ज्या हौसेने जोपासल्या जातात त्यांपैकी बहुतेक वृक्षवासी आहेत, आणि येथे विचार करावयाचा तो त्यांचाच.

वृक्षवासी आमरीचे मूळ कसे असते हे समजले की पुढचे पुष्कळसे आपोआप उलगडते. या मुळाभोवती मृत, पोकळ पेशींचे एक जाडसर वेष्टन असते. शास्त्रज्ञ त्यास वेलामेन म्हणतात. कोरडे असताना या पेशींत हवा भरलेली असते, म्हणून मूळ रुपेरी-पांढरे दिसते. पावसाची सर आली की हे वेष्टन टीपकागदाप्रमाणे पाणी शोषून घेते, पारदर्शक होते, आणि आतील हिरवा थर दिसू लागतो. खोडावरून ओघळणाऱ्या पहिल्या पाण्यात धूळ, पालापाचोळा, पक्ष्यांची विष्ठा यांतून विरघळलेले क्षार असतात; तेच आमरीचे अन्न. सर थांबली की वारा लागून मूळ पुन्हा कोरडे होते. क्षणभर भिजणे आणि मग श्वास घेणे, हा या मुळाचा जीवनक्रम आहे. ते सतत ओले राहिले तर गुदमरते आणि कुजते. शिवाय प्रत्येक मूळ जेथे जन्मास येते तेथल्या परिस्थितीशी आपली जडणघडण जुळवून घेते. उघड्या हवेत वाढलेले मूळ ओल्या भरावात कोंबले तर ते टिकत नाही. एका खोडास चिकटलेले मूळ सोडवून दुसऱ्या खोडास चिकटविता येत नाही. नव्या जागी खरोखर उपयोगी पडते ते त्या जागी नव्याने फुटलेले मूळच.

मग रोपे निर्मूळ होतात तरी कशी? कारणे अनेक आहेत. आमरीची मुळे ठिसूळ असतात. कुंडीतून काढताना व पेटीत दडपताना ती मोडतात. आठ-दहा दिवसांच्या अंधाऱ्या प्रवासात उरलेल्या मुळांची वाढती टोके सुकतात. परदेशातून येणाऱ्या रोपांच्या बाबतीत कायद्याचाही भाग आहे. मातीबरोबर किडी, सूत्रकृमी आणि रोगजंतू देशात येतात, म्हणून १९१४ च्या कायद्याखाली २००३ साली काढलेल्या वनस्पती-संगरोध आदेशानुसार आयातीस परवाना लागतो, निर्यातदार देशाचे वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते, आणि रोपे मातीपासून मुक्त असावी लागतात. या खात्याचे मुख्य कार्यालय दिल्लीलगतच फरीदाबाद येथे आहे. नियम आवश्यकच आहे. परंतु त्यामुळे रोप धुऊन, खरवडून, उघड्या मुळांनी येते. घरच्या घरीही आमरी निर्मूळ होते. दाट भराव, साचलेले पाणी आणि कुंडीखालची बशी एवढ्यावर एका पावसाळ्यात सारी मुळे कुजू शकतात. पाने मात्र महिना-दोन महिने हिरवी राहून मालकास फसवीत असतात.

हा प्रश्न किती जुना आहे हे पाहिले तर आजच्या हौशी माणसास धीर येईल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील श्रीमंतांना आमरींचे वेड लागले होते, आणि भारत, ब्रह्मदेश, दक्षिण अमेरिका येथून जहाजे भरभरून रोपे जात होती. उष्ण कटिबंधातील वनस्पती म्हणजे उष्ण, कोंदट, बंद काचघर असा तेथील माळ्यांचा समज होता. त्या भट्टीत बहुसंख्य रोपे शिजून, कुजून मेली. हा समज मोडून काढणाऱ्यांत डेव्हनशायरच्या ड्यूकचा माळी जोसेफ पॅक्स्टन हा प्रमुख. त्याचा सहकारी जॉन गिब्सन हा खासी टेकड्यांत हिंडून १८३७ साली आमरींच्या कित्येक नव्या जाती घेऊन परतला. पॅक्स्टनने काचघरांची तावदाने उघडून वारा खेळविला, तपमान उतरविले, आणि रोपे भिजविण्याऐवजी जमीन व वाटा भिजवून हवेत ओलावा राखला. आमरी जगू लागल्या. आज दिल्लीच्या गच्चीवर जे करावयाचे त्याचे सूत्र तेव्हाच सापडले होते.

तथापि सूत्र सापडले तरी जंगलाची हानी थांबली नाही. १८५० साली प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर याने खासी टेकड्यांतून निळ्या व्हँडाची सात माणसांची ओझी होतील इतकी रोपे क्यू येथील राजोद्यानासाठी गोळा केली. इंग्लंडपर्यंत जिवंत पोहोचली ती मोजकीच. त्याच सुमारास दुसऱ्या एका गृहस्थाने पाठविलेले एका माणसाचे ओझे, रोपे अगदी दीनवाण्या स्थितीत असूनही, तीनशे पौंडांना विकले गेले. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे व्यापाराचे गणित ध्यानी येते. जेथे रोपे मरतात आणि तरीही किंमत येते, तेथे मेलेल्यांची भरपाई रानातून होत राहते. मूळ धरविण्याच्या विद्येचे महत्त्व केवळ एका कुंडीपुरते नाही, ते या हिशेबात आहे.

आता दिल्लीच्या हवेकडे वळू. निळ्या व्हँडाच्या मुलखात, चेरापुंजीच्या परिसरात, वर्षाला अकरा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दिल्लीत पडतो तो आठशे मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि त्याचा बहुतेक भाग जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीस अंशांवर जातो व लू वाहते. डिसेंबर-जानेवारीत रात्री चार-पाच अंशांपर्यंत उतरतात. बँकॉकची आमरी या थंडीने काळवंडते, कालिंपाँगची या उन्हाने भाजते. परंतु उष्णतेहूनही घातक आहे तो कोरडेपणा. अठ्ठावीस अंश तपमानाच्या व ८० टक्के आर्द्रतेच्या हवेची पाणी ओढून घेण्याची शक्ती एक मानली, तर चाळीस अंशांच्या व २० टक्के आर्द्रतेच्या हवेची शक्ती जवळजवळ आठपट भरते. ज्या रोपास एक थेंबही आत घेता येत नाही, त्याच्या अंगातून अशी हवा आठपट वेगाने पाणी उपसू पाहते.

येथेच उपचाराचे मर्म आहे. निर्मूळ रोपाकडे जमेची बाजू जवळजवळ शून्य असते. जाडसर पाने, फुगीर खोडे, आणि डेंड्रोबियम, कॅटलिया, सिंबिडियम यांसारख्यांत असलेले आभासी कंद, यांत साठविलेले पाणी व अन्न हीच त्याची शिल्लक. या शिल्लकीतूनच त्याला नवे मूळ काढावयाचे असते. म्हणून मालकाचे काम एवढेच की, नवी मिळकत सुरू होईपर्यंत खर्च आवळून धरावयाचा. खर्च आवळण्याचे उपाय तीन: सावली, बेताची ऊब आणि हवेतील ओलावा. हवेतील ओलावा आणि भरावातील ओल या दोन अगदी भिन्न वस्तू आहेत हे विसरता कामा नये. पहिली रोपास तारते, दुसरी मारते.

रोप हाती आले की ते प्रथम सावलीत उघडावे. बुडाची व मुळांची तपासणी करावी. बोटांनी हलके दाबून जे मूळ टणक लागते ते जिवंत. जे कागदासारखे पोकळ किंवा पिळल्यावर पाणी सोडणारे ते मेलेले. मेलेली मुळे धारदार पात्याने कापावीत, आणि प्रत्येक रोपासाठी पाते ज्योतीवर तापवून निववून घ्यावे. कारण आमरींचे विषाणुरोग एका रोपाकडून दुसऱ्याकडे जातात ते बहुधा अशा पात्यावरूनच. टणक पण वाढ खुंटलेली जुनी मुळे मात्र राखावीत. ती पाणी थोडेफार घेतात, रोपास आधार देतात, आणि कधीकधी त्यांनाच नवी फाटे फुटतात. कुजका भाग निरोगी, हिरवट-पांढऱ्या गाभ्यापर्यंत काढून जखमेवर गंधकाची किंवा दालचिनीची भुकटी लावावी व एक-दोन दिवस ती सुकू द्यावी. तांबेयुक्त बुरशीनाशके डेंड्रोबियमला सोसत नाहीत, तेथे ती टाळावीत. पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड दडलेली असते, तीही पाहावी. नवे रोप जुन्या रोपांपासून निदान महिनाभर दूर ठेवणे हा घरगुती संगरोध होय, आणि तो सरकारी संगरोधाइतकाच आवश्यक आहे.

यानंतर रोपास पावसाच्या किंवा तशाच मृदू पाण्यात अर्धा तास बुडवून काढावे. प्रवासात गेलेल्या पाण्यापैकी काही त्याला परत मिळते. हे स्नान एकदाच; ते आटोपल्यावर रोप निथळून पूर्ण कोरडे होऊ द्यावे. व्हँडासारख्या कंद नसलेल्या रोपांना पहिले आठ-दहा दिवस सावलीत उलटे टांगण्याची जुनी रीत आहे. पानांच्या मध्यावरील कोंभात पाणी साचून तो कुजू नये हा तीतला हेतू.

पुढची पायरी म्हणजे रोप घट्ट बसविणे. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण पुष्कळ रोपे हिच्यावाचून जातात. नव्या मुळाचे टोक अतिशय नाजूक असते. रोप वाऱ्याने किंवा हात लागून डुलत राहिले तर ते टोक भरावावर घासून मरते. म्हणून रोप लाकडाच्या ओंडक्यास, सच्छिद्र खापरास किंवा कोरड्या कोळशाच्या व विटांच्या तुकड्यांवर सुताने अथवा मऊ तारेने असे बांधावे की उचलले तरी हलू नये. आडवे खोड किंवा बूड भरावात पुरावयाचे नाही. ते वर, उघड्यावर राहिले पाहिजे. नारळाची सोडणे भरावात वापरावयाची तर आधी चार-पाच दिवस पाणी बदलीत भिजवावीत, कारण त्यांत क्षार असतात. भांडे लहान असावे. मोठ्या भांड्यात ओल फार काळ राहते, आणि निर्मूळ रोपास तिचा उपयोग नसतो.

आता ओलसर हवेची व्यवस्था. नोइडा, गुरुग्राम वा गाझियाबाद येथील सदनिकेत काचघर कोठले? त्याची गरजही नाही. मासे पाळण्याची जुनी काचेची पेटी किंवा झाकणाचे पारदर्शक प्लास्टिकचे खोके पुरते. तळाशी विटांचे तुकडे पसरून त्यांत बोटभर पाणी ठेवावे, वर जाळी किंवा पालथे खापर, आणि त्यावर रोप. पाण्याचा स्पर्श रोपास होता कामा नये. पारदर्शक पिशवीत मूठभर ओलसर, पिळून घेतलेले स्फॅग्नम शेवाळ घालून तीत रोप टांगणे ही याहूनही सोपी युक्ती. मऊ पानांच्या फॅलिनॉप्सिसला ही विशेष मानवते. पेटी किंवा पिशवी रोज थोडा वेळ उघडून हवा बदलावी, नाहीतर बुरशी येते. ऊन थेट लागू देऊ नये. बंद काचेवर दिल्लीचे ऊन पडले तर अर्ध्या तासात आत भट्टी होते. उत्तरेकडील किंवा पूर्वेकडील उजेडाची खिडकी उत्तम. तपमान चोवीस ते तीस अंश असावे. मे-जूनच्या कोरड्या दिवसांत डेझर्ट कूलरची हवा ज्या खोलीत खेळते ती खोली, किंवा वाळ्याची ओली ताटी लावलेला व्हरांडा, आमरीस फार मानवतो. पावसाळ्यात मात्र हवा मुळातच दमट असल्यामुळे कूलर निरुपयोगी ठरतो, आणि तेव्हा पंख्याचा मंद वारा हाच मित्र.

रात्रीच्या ओलाव्याकडे विशेष लक्ष हवे, आणि त्याचे कारण मनोरंजक आहे. सामान्य झाडांची पर्णरंध्रे दिवसा उघडतात. फॅलिनॉप्सिस, कॅटलिया, व्हँडा आणि पुष्कळशी डेंड्रोबियम यांची पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात. दिवसाच्या उष्णतेत पाणी वाचविण्याची ही निसर्गाची तरतूद आहे. तेव्हा रात्रीची हवा कोरडी राहिली तर पाणी जाते ते नेमके त्या वेळी. संध्याकाळी फरशी भिजविणे, रोपाभोवती पाण्याच्या पसरट परातीत विटा ठेवणे, हे उपाय त्यासाठीच आहेत. पानांवर तुषार उडवावयाचे ते सकाळी, म्हणजे रात्र पडण्यापूर्वी बेचक्यांतील पाणी सुकते. पाने तुषारांतून फारसे पाणी पीत नाहीत. तुषारांचा उपयोग त्यांच्या अंगचे पाणी जाऊ न देणे एवढाच.

पाण्याचा दर्जा हा दिल्लीतील दुसरा मोठा प्रश्न. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा दर लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसल्यास २,००० पर्यंत सवलत आहे. माणसास जे चालते ते आमरीस चालत नाही. पावसाच्या पाण्यावर वाढलेल्या या वनस्पतीस २०० च्या आतले पाणी मानवते. राजधानीच्या परिसरात अनेक ठिकाणी कूपनलिकेचे पाणी याच्या कित्येक पट खारे असते. असे पाणी सुकले की वेलामेनवर पांढरा पापुद्रा धरतो आणि नव्या मुळाचे टोक करपते. उपाय सोपा आहे. पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी, पहिल्या सरी वाहून गेल्यावर, पिंपात साठवावे. ते संपल्यावर घरगुती शुद्धीकरण यंत्रातून निघणारे स्वच्छ पाणी वापरावे. त्या यंत्राचे टाकाऊ पाणी मात्र क्षारांनी भरलेले असते. काटकसरीच्या हौसेने ते आमरीस घालू नये.

एवढे केल्यावर वाट पाहावयाची. ही पायरी सर्वांत कठीण. आभासी कंद सुरकुततात, जुनी पाने पिवळी पडून गळतात, आणि पाणी घालावे असा मोह अनावर होतो. परंतु त्या पानांतील सत्त्व रोप परत घेऊन नव्या कोंभासाठी वापरीत असते. खताची तर यावेळी गरजच नाही. घेण्यास मूळ नाही तेथे खत म्हणजे केवळ मीठ. मुळे फुटविणारी संजीवके, म्हणजे इंडोल ब्युटिरिक आम्लासारखी द्रव्ये, बुडाशी सौम्य प्रमाणात लावल्याने काही वेळा मदत होते, पण शिल्लक संपलेल्या रोपास ती काही देऊ शकत नाहीत. आणि एखाद्या रोपाने प्रवासाच्या धक्क्याने फुलाचा दांडा काढलाच, तर तो निष्ठुरपणे खुडावा. मुळांआधी फूल म्हणजे आधी कळस, मग पाया; असे रोप फुलून मरते.

तीन ते आठ आठवड्यांच्या अवधीत, बहुधा नव्या कोंभाच्या बुडाशी, हिरव्या किंवा तांबूस टोकाचा एक बारीक फुगवटा दिसू लागतो. हे नवे मूळ. कॅटलिया, डेंड्रोबियम यांसारख्या आडव्या वाढणाऱ्या आमरींत मूळ बव्हंशी नव्या कोंभाबरोबर येते. व्हँडा, फॅलिनॉप्सिस यांसारख्या सरळ वाढणाऱ्यांत ते खोडाच्या पेऱ्यांतून येते. मूळ दोन-तीन सेंटिमीटरचे झाले म्हणजे भरावास थोडे पाणी देण्यास प्रारंभ करावा, आणि दोन पाण्यांच्या मध्ये भराव जवळजवळ सुकू द्यावा. ते पाचेक सेंटिमीटर झाल्यावर नेहमीच्या चतुर्थांश प्रमाणात पातळ खत चालते. मग पेटीचे झाकण रोज थोडे थोडे अधिक उघडीत पंधरा-वीस दिवसांत रोप उघड्या हवेवर आणावे. ही घाई केली तर महिन्यांचे कष्ट एका दुपारी वाया जातात.

काळाची निवड करणे हाती असेल तर दिल्लीत फेब्रुवारीचा उत्तरार्ध व मार्च हा उत्तम हंगाम. तेव्हा थंडी ओसरलेली असते, आमरींचे नवे कोंभ हलू लागतात, आणि लू सुरू होण्यापूर्वी दीड-दोन महिने मिळतात. दुसरा हंगाम जुलैअखेर ते सप्टेंबर. हवा आयती दमट असते, पण कुजण्याची भीती अधिक, म्हणून वारा खेळता हवा. एप्रिल ते जून रोप मागविणे म्हणजे त्याला आगीतून फुफाट्यात टाकणे. नोव्हेंबर ते जानेवारीत वाढ थांबलेली असते; त्यात विजेची शेगडी खोलीतला उरलासुरला ओलावाही पिऊन टाकते, आणि धुरक्याची काजळी पानांवर बसते. ती ओल्या मऊ कापडाने पुसून काढावी.

जातीची निवडही तितकीच महत्त्वाची. रास्ना, सीतेची वेणी, आणि हिमालयाच्या पायथ्याच्या उष्ण जंगलांतील डेंड्रोबियम यांना उन्हाळ्याची होरपळ व हिवाळ्याचा कोरडा विसावा दोन्ही ठाऊक असतात. दिल्लीत नवख्याने यांपासून आरंभ करावा. थंड रात्रींवाचून न फुलणारी सिंबिडियम किंवा सतत उष्ण-दमट हवा मागणारी थायलंडकडील संकरित व्हँडा ही पुढच्या इयत्तेची रोपे आहेत.

रोपे आणावयाची कोठून, हा शेवटचा प्रश्न, आणि तो केवळ सोयीचा नाही. भारतात आमरींच्या सुमारे साडेबाराशे जाती आहेत, आणि त्यांतील अनेक रानातून ओरबाडल्या गेल्याने दुर्मिळ झाल्या आहेत. ऑर्किड कुलातील सर्व जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स या करारात नियंत्रित आहेत, आणि भारत १९७६ पासून त्या करारात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली वनस्पतींचे प्रकरण घातले गेले, तेव्हा निळी व्हँडा, तांबडी व्हँडा व पॅफिओपेडिलमच्या जाती यांना विशेष संरक्षण मिळाले. तथापि कायदा जे एकट्याने करू शकत नाही ते प्रयोगशाळेने सोपे केले आहे. आमरीचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते आणि त्यात अन्नाचा साठा नसतो; निसर्गात ते एका बुरशीच्या मदतीनेच रुजते, हे नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ साली दाखविले. १९२२ साली अमेरिकेत लुई नड्सन याने साखर व क्षारांच्या आगरावर, बुरशीवाचून, ते रुजविले. १९६० साली फ्रान्समध्ये जॉर्ज मोरेल याने कोंभाच्या टोकापासून सिंबिडियमची रोपे वाढविली. आज बाजारातील बहुतेक संकरित रोपे अशाच काचेच्या बाटल्यांतून येतात. सिक्कीममध्ये पाक्योंग येथे १९९६ पासून राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्रही काम करीत आहे.

बाटलीतले रोपही एका अर्थी निर्मूळच असते, हे मात्र ध्यानी ठेवावे. बंद बाटलीतील पूर्ण दमट हवेत त्याच्या पानांवर मेणाचा थर पातळच राहतो, पर्णरंध्रे मिटण्याची सवय नसते, आणि आगरात वाढलेली मुळे बाहेरच्या भरावात फारशी चालत नाहीत. म्हणून आगर कोमट पाण्याने धुऊन काढून त्यालाही तीच पेटी, तीच सावली, तोच धीर द्यावा लागतो. फरक एवढाच की, ते गेले तर जंगलातून दुसरे आणावे लागत नाही.

आमरी खरेदी करताना ती रानातून उपटलेली की रोपवाटिकेत वाढविलेली, हे विचारावयास कोणीही संकोच करू नये. रानातल्या रोपावर बहुधा सालीचे तुकडे, दगडफुलाचे डाग, किड्यांनी खाल्लेली वेडीवाकडी पाने व उपटून तुटलेली मुळे दिसतात. वाटिकेतील रोपे सारख्या वयाची व नीटस असतात. स्वस्तात मिळाले म्हणून घेतलेले रानातले रोप शहरात मेले, तर पुढच्या मोसमात कोणी तरी दुसरे उपटावयास निघतो. उलट, नीट जगविलेली एक आमरी पाच-सहा वर्षांत विभागून तीन घरांत देता येते, आणि तेवढ्या मागणीचा भार रानावरून उतरतो.